स्टेनलेस स्टीलचं इलेक्ट्रोपॉलिशिंग, तीव्र आम्लाविना: कोलीन क्लोराइडच्या द्रवात पहिला जॉब

इलेक्ट्रोपॉलिशिंग म्हणजे उलटं प्लेटिंग. प्लेटिंगमध्ये जॉब (ज्यावर काम करायचं ती वस्तू) ऋण टोकाला असतो आणि त्यावर धातू चढतो. इथे जॉब धन टोकाला लावायचा आणि त्याच्याच अंगावरचा धातू द्रवात सोडायचा. सुटलेल्या धातूचा एक दाट थर जॉबला चिकटून राहतो. हा थर उंचवट्यांवर पातळ आणि खळग्यांत जाड असतो, म्हणून उंचवटे लवकर झिजतात, खळगे मागे राहतात आणि पृष्ठभाग सपाट होत होत चमकू लागतो. सगळा खेळ या थराचा आहे. तो नीट बसला तर पॉलिश, नाही बसला तर नुसतं खाणं.

कारखान्यांत हे काम बहुधा फॉस्फोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात, ५० ते ८० अंश सेल्सिअसला चालतं. त्यात जॉबवर ऑक्सिजनचे बुडबुडे येतात, ते फुटले की आम्लाचं तुषार हवेत जातं, आणि विजेचा मोठा वाटा धातू काढण्याऐवजी वायू काढण्यात खर्च होतो. पूर्वी परक्लोरिक आम्लाचीही मिश्रणं वापरत. १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये परक्लोरिक आम्ल आणि ॲसेटिक ॲनहायड्राइडची अशीच एक टाकी फुटली आणि १७ माणसं गेली. त्या वाटेला नवख्या माणसाने अजिबात जाऊ नये.

इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू ॲबट आणि सहकाऱ्यांनी २००५-०६च्या सुमारास दाखवलं, की कोलीन क्लोराइड (एक पांढरा स्फटिकी क्षार) आणि इथिलीन ग्लायकॉल यांच्या मिश्रणात ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील उत्तम पॉलिश होतं. विजेपैकी ९० टक्क्यांहून जास्त धातू विरघळवण्यात जाते आणि जॉबवर वायू जवळजवळ येत नाही. या द्रवाला सरसकट आयनी द्रव, म्हणजे नुसत्या भारित आयनांचा द्रव म्हणतात. काटेकोर बोलायचं तर तो ‘डीप युटेक्टिक’ द्रव (मिसळल्यावर घटकांपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळणारं मिश्रण) आहे, कारण त्यात निम्म्याहून जास्त रेणू भाररहित ग्लायकॉलचे असतात. शुद्ध आयनी द्रव वेगळे. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये वर्णन केलेला, १२ अंशाला वितळणारा इथिलअमोनियम नायट्रेट हा त्यातला जुना नमुना. आपल्याला मात्र स्वस्त आणि सोपा, कोलीनचाच द्रव हवा आहे.

साहित्य घेताना

कोलीन क्लोराइड प्रयोगशाळा दर्जाचं, किमान ९८ टक्के शुद्ध घ्या. पशुखाद्यासाठी मिळणारं स्वस्त कोलीन क्लोराइड इथे चालत नाही. ते एकतर मक्याच्या बुरकुंडाच्या भुशावर किंवा सिलिकावर शोषवलेलं असतं, नाहीतर पाण्यातलं ७०-७५ टक्क्यांचं द्रावण असतं. तसंच, गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल नव्हे. त्यात रंग, गंजरोधक आणि भरपूर पाणी असतं.

बाकी यादी अशी: शून्य ते ३० व्होल्ट आणि किमान ३ अँपिअरचा डीसी पॉवर सप्लाय, ज्यात व्होल्टेज आणि करंट दोन्हींची मर्यादा लावता येते, ६०० मिलिलिटरचा काचेचा बीकर, गरम पाण्याचं भांडं आणि हॉटप्लेट, चुंबकी ढवळणी, थर्मामीटर, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, नायट्राइलचे हातमोजे आणि गॉगल. कॅथोडसाठी, म्हणजे ऋण टोकासाठी, ३१६चे दोन पत्रे, प्रत्येकी ५ × ७ सेंटिमीटर. सरावासाठी ३०४ किंवा ३१६च्याच २ सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर लांब पट्ट्या, निदान दहा. पहिल्याच दिवशी खरा जॉब बुडवू नका.

काम फ्यूम हूडमध्ये किंवा जोरदार एक्झॉस्टखाली करायचं. द्रव आम्लासारखा भाजत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि नेमकी तिथे चूक होते. व्होल्टेज फार चढलं तर क्लोराइडपासून क्लोरीन सुटतो आणि ग्लायकॉलशी मिळून क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थही थोडे तयार होतात. कॅथोडवर हायड्रोजन येऊ शकतो, त्यामुळे जवळ ठिणगी नको. इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि पोटात गेल्यास विषारी असतं, तेव्हा बाटलीवर ठळक चिठ्ठी लावा आणि मुलं व पाळीव प्राणी यांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

अर्धा लिटर द्रव बनवणं

प्रमाण १ मोल कोलीन क्लोराइडला २ मोल ग्लायकॉल. अर्ध्या लिटरसाठी कोलीन क्लोराइड २९७ ग्रॅम आणि ग्लायकॉल २६४ ग्रॅम, म्हणजे साधारण २३७ मिलिलिटर. ग्लायकॉल मापून नव्हे, तोलून घ्या. दाट द्रव मापाला चिकटून राहतो आणि प्रमाण हुकतं.

कोलीन क्लोराइड हवेतला ओलावा अधाशासारखं ओढतं. बाटली उघडून ठेवली तर काही वेळातच स्फटिक ओलसर, चिकट दिसू लागतात. म्हणून आधी ते व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८०-९० अंशाला रात्रभर सुकवा. व्हॅक्यूम नसेल तर पसरट काचेच्या थाळीत पातळ थर देऊन १०५ अंशाला काही तास ठेवा आणि डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार होऊ द्या. मग बीकरमध्ये ग्लायकॉल, त्यात कोलीन क्लोराइड थोडं थोडं, गरम पाण्याच्या भांड्यात ६० ते ७० अंशाला, सावकाश ढवळत. सुरुवातीला दुधाळ चिखलासारखं दिसतं. दाणा न उरता पाण्यासारखं स्वच्छ झालं की द्रव तयार. थंड झाल्यावरही तो स्वच्छ राहायला हवा. सडक्या मासळीसारखा वास आला तर कोलीनचं विघटन होऊन ट्रायमिथिलअमाइन सुटतंय असं समजा. जास्त तापवल्याने असं होतं. घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत भरून तारीख लिहा.

पट्टीची तयारी

इलेक्ट्रोपॉलिशिंगने खोल ओरखडे जात नाहीत. एका फेरीत आपण दर बाजूने साधारण १० मायक्रॉन काढणार आहोत. ग्राइंडरची रेघ त्याहून खोल असेल तर ती चमकदार रेघ होऊन बसेल, इतकंच. त्यामुळे पॉलिश पेपरने ३२०, मग ६०० ग्रिटपर्यंत या. दर पेपरला दिशा ९० अंशांनी बदला म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं.

नंतर ॲसिटोन, मग साबणाचं कोमट पाणी, मग आयनमुक्त पाणी. तेल गेलं का हे बघण्याची जुनी परीक्षा आहे: पट्टी पाण्यातून उभी काढा. पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर स्वच्छ. कुठे तुटून थेंब झाले तर तिथे तेल आहे. वेल्डिंगचा निळा-काळा डाग असेल तर तो आधी पिकलिंग पेस्टने (ऑक्साइड उतरवणाऱ्या आम्लाच्या लेपाने) काढावा लागतो. हा द्रव जाड ऑक्साइड उतरवण्यात आम्लापेक्षा मंद आहे आणि डागाभोवतीचा धातू खाऊन डाग तसाच ठेवतो.

पट्टी पूर्ण वाळवा, कारण ओली पट्टी म्हणजे द्रवात फुकटचं पाणी. खालच्या टोकापासून ५ सेंटिमीटरवर प्लेटिंगची चिकटपट्टी गुंडाळा. द्रव आणि हवा जिथे मिळतात त्या रेषेवर खड्डे पडतात, ते चिकटपट्टीमुळे टळतं. आता दोन्ही बाजू मिळून २० चौरस सेंटिमीटर उघडे आहेत. वरच्या टोकाला नंबर कोरा आणि चिकटपट्टी लावण्याआधीचं वजन मिलिग्रॅमपर्यंत वहीत लिहा. हे वजन चुकवलं तर पुढे अंदाजपंचे काम होतं.

जोडणी, आणि अंतराचा हिशेब

पट्टी मधोमध, दोन कॅथोड तिच्या दोन्ही बाजूंना समांतर, प्रत्येकी २ सेंटिमीटरवर. सप्लायची धन वायर पट्टीला, ऋण वायर दोन्ही कॅथोडना. क्लिप द्रवाच्या वर, कोरड्या आणि घासून स्वच्छ केलेल्या जागी. तांब्याची किंवा पितळेची क्लिप द्रवात बुडली तर तीच आधी विरघळते.

अंतराला एवढं महत्त्व का? या द्रवाची विद्युतवाहकता आम्लाच्या मानाने फारच कमी आहे: ४० अंशाला साधारण १२ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर. करंटची घनता ५० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर ठेवली तर दर सेंटिमीटर द्रव सुमारे ४ व्होल्ट खातो. २ सेंटिमीटरला ८, ५ सेंटिमीटरला २०. म्हणून ‘अमुक व्होल्टला पॉलिश होतं’ या सल्ल्याला अंतर सांगितल्याशिवाय अर्थ नाही. पट्टी तिरकी टांगली आणि एक कड १ सेंटिमीटरवर, दुसरी ३ सेंटिमीटरवर आली, तर जवळची कड जळकट आणि लांबची मळकट निघते. स्केल लावून मोजा.

चालवण्याच्या पायऱ्या

१. बीकर गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून द्रव ४० अंशावर आणा. थेट हॉटप्लेटवर ठेवला तर तळ जास्त तापतो. थंड द्रव मधासारखा वागत नाही, पण दाट असतो आणि वाहकताही घटते, म्हणून तेच व्होल्टेज लावून कमी करंट मिळतो.

२. ढवळणी अगदी मंद, पृष्ठभागावर भोवरा पडणार नाही इतकी. जोरात ढवळलं तर जॉबला चिकटलेला तो दाट थर धुऊन जातो, आणि त्याच्यावरच तर सगळी मदार आहे.

३. व्होल्टेजची मर्यादा १५, करंट शून्यावर. पट्टी बुडवा, लगेच करंट १ अँपिअरवर न्या. २० चौरस सेंटिमीटरला १ अँपिअर म्हणजे ५० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर. व्होल्टेज साधारण ७ ते ११ च्या दरम्यान दिसायला हवं. पहिल्या अर्ध्या मिनिटात आकडा हलतो, कारण वरचा ऑक्साइड तुटत असतो आणि दाट थर बसत असतो. मग तो बऱ्यापैकी स्थिरावतो.

४. दर मिनिटाला व्होल्टेज आणि तापमान लिहा. १० व्होल्टला १ अँपिअर म्हणजे १० वॅट. अर्धा लिटर द्रव मिनिटाला जवळपास अर्धा अंश तापतो. द्रव ५० अंशाच्या वर गेला तर थांबा.

५. दहा मिनिटांनी सप्लाय बंद करा आणि पट्टी लगेच बाहेर काढा. वापरलेल्या द्रवात लोहाचं क्लोराइड असतं, त्यात पट्टी तशीच राहिली तर चमक मंदावते.

एकाच पट्टीवर समाधान मानू नका. दुसरी ०.६ अँपिअरला, तिसरी १.४ ला, तेवढाच वेळ. तिन्ही शेजारी ठेवून, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात बघा. कमी करंटची पट्टी बहुधा दुधाळ दिसेल, भिंगातून धातूचे कण सुटे सुटे दिसतील. तो एचिंगचा, म्हणजे नुसतं खाण्याचा पट्टा. जास्त करंटच्या पट्टीवर बारीक खड्डे किंवा वर जाणाऱ्या रेघा दिसल्या तर वरची हद्द ओलांडली. तुमच्या बीकरची, तुमच्या अंतराची योग्य जागा या दोहोंच्या मधे सापडते. पुस्तकातल्या आलेखात व्होल्टेज वाढवताना करंट सपाट होतो असं दाखवतात. आपल्या दोन-इलेक्ट्रोडच्या मांडणीत द्रवच इतके व्होल्ट खातो, की ते सपाट मैदान क्वचितच दिसतं, फार तर चढ थोडा मंदावतो. म्हणून पट्ट्यांची तुलना आलेखापेक्षा भरवशाची.

धुणं

पट्टी बीकरवर तिरकी धरून अर्धा-एक मिनिट निथळू द्या. दाट द्रव बराच सोबत येतो. पहिलं धुणं थोड्याशा कोमट पाण्यात आणि हे पाणी वेगळ्या बरणीत जपून ठेवायचं, त्यात निकेल आणि क्रोमियम आहे. दुसरं धुणं भरपूर गरम पाण्यात, शेवटचं आयनमुक्त पाण्यात. भोकं, वाक, वेल्डच्या फटी इथे द्रव अडकतो, आणि त्यातला क्लोराइड पुढे आठवड्याभरात तिथेच गंजाचे ठिपके काढतो. जॉब दमट जागी वापरायचा असेल तर ४ ते १० टक्के सायट्रिक आम्लात ५०-६० अंशाला निदान दहा मिनिटं पॅसिव्हेट करा (म्हणजे गंज रोखणारा ऑक्साइडचा थर बसू द्या), पुन्हा धुवा, वाळवा.

वजन काय सांगतं

चिकटपट्टी काढा, तिचा चिकटा ॲसिटोनने पुसा, पट्टी तोला. १ अँपिअर दहा मिनिटं म्हणजे ६०० कूलंब. सगळी वीज धातू विरघळवण्यात गेली आणि लोह दोन धन भारांनी सुटलं असं धरलं तर सुमारे ०.१६ ग्रॅम घट यायला हवी, तीन धन भारांनी सुटलं तर ०.१२. जाडीत मांडलं तर ०.१६ ग्रॅम म्हणजे दोन्ही बाजूंनी १०-१० मायक्रॉन, म्हणजे मिनिटाला सुमारे एक मायक्रॉन. घट या दोन आकड्यांच्या दरम्यान असेल तर वीज योग्य जागी जात आहे. ०.०८ आली तर समजा, बाकीची वीज वायू काढण्यात किंवा द्रवाचं विघटन करण्यात गेली. व्होल्टेज खाली आणा. घट ०.१६ च्या बरीच वर गेली तर पट्टी सप्लाय बंद असताना द्रवात राहिली का, किंवा चिकटपट्टीखाली द्रव शिरला का ते पाहा. चमक डोळ्याला फसवते, काटा फसवत नाही. आणि मापाच्या भागांत किती मायक्रॉन जादा ठेवायचं हेही याच आकड्यावरून ठरतं.

काय बिघडतं

सगळीकडे दुधाळपणा: करंट कमी, द्रव थंड किंवा ढवळणं जोरात. एकाच जागी मळकट डाग: तेल, किंवा बोटाचा ठसा. धुतल्यावर पट्टी हाताने धरू नका, चिमटा वापरा.

कडा गोल आणि जास्त चमकदार, मध्य मंद: करंट कडांवर गोळा होतो. कॅथोड थोडे लहान करा, किंवा जॉबच्या कडेला बळीचा बकरा म्हणून एक स्टीलची तार टांगा. तीक्ष्ण धार हवी असेल तर ही पद्धतच नको.

विखुरलेले खड्डे: नेहमी द्रवाचा दोष नसतो. ३०३ सारख्या फ्री-कटिंग (सहज कापल्या जाणाऱ्या) स्टीलमध्ये गंधक मुद्दाम घातलेलं असतं आणि त्याचे सल्फाइडचे कण बनतात. ते निघून जातात आणि खड्डा राहतो. तशा स्टीलवर वेळ घालवू नका. ३०४ किंवा ३१६ वर खड्डे येत असतील तर करंट २० टक्क्यांनी उतरवून बघा.

काम चालू असताना व्होल्टेज एकदम मर्यादेला टेकणं: जवळजवळ नेहमी क्लिप. सप्लाय बंद करा, टोक घासा, पुन्हा लावा. व्होल्टेज हळूहळू चढत असेल तर द्रव थंड होतोय किंवा कॅथोडवर काळी भुकटी साठली आहे. कॅथोड दर पाच-सहा पट्ट्यांनी ब्रशने धुऊन, वाळवून परत लावा.

काल छान होणारी पट्टी आज मंद, आणि मांडणी तीच: ओलाव्यावर संशय घ्या. द्रवात पाणी शिरलं की तो पातळ होतो, वाहकता वाढते आणि त्याच करंटला व्होल्टेज कमी लागतं. पाणी आलं हे व्होल्टेजच्या वहीतच दिसतं, म्हणून तर दर मिनिटाला लिहायचं. थोडं पाणी चालून जातं, पण साठत गेलं की दाट थर सैल पडतो. काम संपताच झाकण लावा. ओला द्रव व्हॅक्यूमखाली ६०-७० अंशाला ठेवून परत सुकवता येतो.

द्रवाचं आयुष्य

नवा द्रव रंगहीन, पहिल्या काही पट्ट्यांनंतर पिवळा, मग मधाच्या रंगाचा, मग गडद तपकिरी-हिरवट. हा रंग मुख्यतः लोहाच्या क्लोराइडचा, त्यात क्रोमियम आणि निकेलची हिरवी झाक. रंग गडद झाला म्हणून द्रव टाकायचं कारण नाही. दहा पट्ट्यांनी एकदा, त्याच स्टीलची संदर्भ पट्टी १ अँपिअरला दहा मिनिटं चालवा आणि घट व प्रतिबिंब पहिल्या पट्टीशी ताडून बघा. तळाला गाळ बसला तर काचेच्या तंतूंच्या फिल्टरमधून गाळून घ्या. साधा कागदी फिल्टर या दाट द्रवाला फार वेळ लावतो, आधी ५० अंशाला कोमट केला तर जमतं.

हाच द्रव घेऊन साध्या पोलादाकडे वळू नका, ते खाल्लं जातं पण चमकत नाही. निकेलच्या मिश्रधातूंवर याच कुळातले द्रव ऑक्झॅलिक आम्ल घालून वापरले गेले आहेत, पण ते पुढचं पाऊल.

वापरलेला द्रव, गाळ आणि पहिल्या धुण्याचं पाणी यातलं काहीही मोरीत किंवा जमिनीत ओतायचं नाही. कोलीन जैवविघटनशील आहे हे खरं, निकेल आणि क्रोमियम नाहीत. झाकणबंद बरणीत, ‘निकेल-क्रोमियमयुक्त ग्लायकॉल द्रव’ अशी चिठ्ठी लावून, घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्या. निकेलची त्वचेला ॲलर्जी एकदा जडली की जात नाही, तेव्हा गाळ खरवडतानाही मोजे हातातच राहू द्या.